आधी तुझा दंड पुढे कर

मोबाईल खाली ठेव आणि माझ्याकडे बघून ऐक. आल्यापासून तू मला त्यावरचं एकच पान दाखवतोयस. गुणसूत्र एकवीस, अठरा, तेरा. तिन्हींपुढे हिरवी खूण. "बाई, सगळं क्लिअर आलंय, आता कसलीच काळजी नाही." पेढेही आणलेस. राहू देत ते टेबलावर. त्या पानाकडे मी येणारच आहे. आधी फाईलच्या तळाशी दुमडून ठेवलेली ती चिठ्ठी काढ आणि मोठ्याने वाच.

"पतीची एचपीएलसी तपासणी लवकरात लवकर करून घेणे." खालची तारीखही वाच. पाच आठवडे झाले त्या तारखेला.

या पाच आठवड्यांत तू बायकोला सोनोग्राफीला नेलंस, तिचं रक्त पुन्हा पुन्हा काढायला लावलंस, वीसेक हजारांची तपासणी केलीस. स्वतःचं दोन-तीन मिली रक्त द्यायला मात्र तुला सवड झाली नाही. कारण विचारलं तर म्हणतोस, "मला काय झालंय बाई, मी रोज जिमला जातो." माझ्याकडे विज्ञान शिकलेला मुलगा हे बोलतो याचा मला संताप आलाय. तो मी गिळणार नाही. सगळ्या सुया तिच्याच दंडात टोचायच्या आणि मूल मात्र दोघांचं, असा हिशेब तुला कुणी शिकवला? मी तर नाही शिकवला.

तुमच्या घराला कागद वाचता येत नाही असं म्हणायची सोय नाही. १९७० मध्ये सिडको आली, पुढे बेलपाड्याची शेतं संपादनात गेली. तेव्हापासून तुमच्याकडे सातबाऱ्याची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली जाते. संपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाच्या फाईलमध्ये आजोबांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, तर ते दुरुस्त होईपर्यंत तुझ्या वडिलांना झोप नव्हती. गावाच्या नावाचं मेट्रो स्टेशन झालं, १७ नोव्हेंबर २०२३ ला गाडी धावायला लागली, तरी ती फाईल अजून कपाटात जपलेली आहे. आणि पोटातल्या लेकराच्या रक्ताचा कागद तू दुमडून मागे सारतोस.

तिच्या सीबीसीचा कागद घे. हिमोग्लोबिन १०.२. एवढंच बघून तुझ्या आईने बीट, खजूर, डाळिंब सुरू केलं आणि तू ओळखीच्या केमिस्टकडून लोहाच्या जास्तीच्या गोळ्या आणल्यास. खालच्या ओळी कुणी वाचायच्या? तांबड्या पेशी ५२ लाख, म्हणजे पेशींची टंचाई नाही. एमसीव्ही, म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान, ६३. ते ८० च्या वर हवं. पेशी पुरेशा आहेत, पण एकेक पेशी बारीक आहे. बावन्न लाख म्हणजे ५.२ दशलक्ष. ६३ ला ५.२ ने भाग. बाराच्या किंचित वर येतं. हा भागाकार तेराच्या खाली आला, की लोहाच्या कमतरतेबरोबरच थॅलेसेमियाची शंका घ्यायची असते. डॉक्टरांनी ती घेतली आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करवली. हिमोग्लोबिन ए-टू निघालं ५.४ टक्के, साधारण साडेतीनच्या आत असायला हवं होतं. तुझी बायको थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे वाहक. ती आजारी नाही. तिच्यात खोट नाही. तिला त्यासाठी आयुष्यभराचं औषध लागत नाही. ही तीन वाक्यं घरी गेल्यावर आईसमोर जशीच्या तशी म्हणायची, एकही शब्द न गाळता.

आता फळा आठव. हिमोग्लोबिनची बीटा साखळी कशी बनवायची याची माहिती अकराव्या गुणसूत्रावर असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुझ्या बायकोची एक प्रत बिघडलेली आहे आणि दुसरी नीट आहे, त्यामुळे तिचं काम भागतं. तुझ्या दोन्ही प्रती नीट असतील तर मूल फार तर तिच्यासारखं वाहक होईल आणि हा विषय तिथेच मिटेल. पण तुझीही एक प्रत बिघडलेली असेल, तर मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता चारात एक. आणि नीट ऐक, ती प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते. चार मुलं झाली तर एक आजारी आणि तीन सुटली, असं ते वाटप नाही. वाटाण्याचे चार चौकोन मी तुमच्याकडून एवढ्यांदा काढून घेतले ते काय परीक्षेत दोन गुण मिळावेत म्हणून?

तुझ्या शरीरयष्टीवरून हे कळत नाही. वाहक माणूस धडधाकट असतो, धावतो, वजनं उचलतो, साठ-सत्तर वर्षं जगतो आणि त्याला कधी पत्ताही लागत नाही. म्हणून तर तपासणी करायची. "आमचे घरान असला काय नाय," असं तुझी आई म्हणाली म्हणतोस. तिचं वाक्य मी समजू शकते, तिने विज्ञान शिकलेलं नाही. तू शिकलास. घरात आजारी मूल झालं नाही याचा अर्थ दोन वाहक अजून एकमेकांसमोर आले नाहीत, एवढाच असू शकतो. कुणी तुला सांगितलं असेल की हा सिंधी, कच्छी, लोहाणा लोकांचा आजार. त्या समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण देशभरात सरासरी शंभरांत तीन-चार माणसं बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत, आणि तुझी बायको कोणत्या समाजातली आहे ते तुला माहीत आहे. शिवाय तुझ्यात थॅलेसेमियाऐवजी सिकलसेलचा जीन निघाला, तरी ही जोडी धोक्याचीच. एचपीएलसीमध्ये दोन्ही दिसतात.

दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन आलेलं मूल जन्मतः छान गुटगुटीत असतं. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते काही महिने पुरतं. पुढे मूल फिकुटतं, दूध सोडतं, प्लीहा वाढून पोट पुढे येतं. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जन्मभर. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साचतं, ते यकृतात जातं, हृदयात जातं, म्हणून ते काढायची औषधं रोजची. अस्थिमज्जा बदलून बरं करता येतं, पण त्याला जुळणारा दाता लागतो, आणि सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यताही चारात एकच. दरवर्षी आपल्या देशात अशी दहा हजारांहून जास्त मुलं जन्माला येतात. त्यातल्या किती घरांत अशी एखादी चिठ्ठी फाईलच्या तळाशी दुमडून पडली होती, याचा विचार करून मला रात्री झोप लागत नाही.

हे थांबवता येतं, हे जगाने दाखवून दिलंय. सायप्रस एवढंसं बेट. तिथे सातातला एक माणूस वाहक. त्यांनी तपासण्या सुरू केल्या आणि १९८०च्या दशकात तिथल्या चर्चने लग्न लावण्याआधी दोघांनीही रक्त तपासल्याचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. लग्न करायचं की नाही हे त्या दोघांवर सोडलं. कागद मात्र हवाच. नव्याने जन्मणाऱ्या आजारी मुलांची संख्या शून्याच्या जवळ आली. तिथले पुरुष काही जगावेगळे नव्हते. त्यांनी दंड पुढे केला, बस.

आता कॅलेंडर बघ. चौदावा आठवडा संपत आलाय. ज्या दिवशी ती चिठ्ठी लिहिली त्या दिवशी तुझं रक्त दिलं असतंस, तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन बाळाचा जीन तपासता आला असता. ती वेळ तू घालवलीस. आता पुढची वाट सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल काढण्याची. त्याआधी तुझी एचपीएलसी, तुम्हा दोघांच्या जीनमध्ये नेमका कोणता बिघाड आहे त्याचा शोध, मग बाळाच्या नमुन्यात त्याच बिघाडाचा शोध. यातल्या प्रत्येक पायरीला दिवस लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि कारणं ठरलेली आहेत. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ. जसजसे आठवडे चढतात तसतसा शरीराचा आणि मनाचा त्रास तिचा वाढतो, तुझा नाही. निर्णय काय घ्यायचा ते मी सांगणार नाही, कुणीच सांगू नये. पण निर्णय घ्यायला लागणारा वेळ तू तिच्या हातून काढून घेतोयस.

आणि निर्णय तिचाच आहे हेही आत्ताच डोक्यात पक्कं कर. सज्ञान बाईच्या बाबतीत कायदा फक्त तिची संमती मागतो. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. तुझं काम तिच्या शेजारी बसून समुपदेशकाचं ऐकणं आणि तिला लागेल ती माहिती वेळेत हाती देणं. तेच तू केलेलं नाहीस.

आता तुझ्या त्या पानाकडे येते. एनआयपीटी ही चांगली तपासणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गरोदर बाईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे तुकडे तरंगत असतात. ते तुकडे खरं तर वारेतून येतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातल्या अशा मोकळ्या डीएनएचा साधारण दहावा हिस्सा त्यांचा असतो. त्यावरून एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणापेक्षा जास्त आहेत का हे मोजतात. जास्त असतील तर डाऊन सिंड्रोमची शंका. तसंच अठराव्याचं, तसंच तेराव्याचं. २०११ पासून ही तपासणी बाजारात आहे आणि डाऊन सिंड्रोम हेरण्यात ती डबल मार्करपेक्षा पुष्कळ सरस आहे. पण ती गुणसूत्रांची संख्या मोजते. तुम्ही घेतलेल्या तपासणीत अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जीनमधला बारीक बिघाड बघितलेलाच नाही. रिपोर्टच्या शेवटी बारीक टायपात लिहिलंय ते. वाचलंस का? धोका होता एका जागी, तू पैसे ओतलेस दुसऱ्या जागी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

हिरवी खूण म्हणजे दाखला नव्हे. ही चाळणी आहे, निदान नाही. उलट बाजूने समजून घे म्हणजे कळेल. पंचविशीतल्या एक लाख गरोदर बायका धर. त्या वयात डाऊन सिंड्रोमची शक्यता हजारात एकाच्या आसपास, म्हणजे साधारण शंभर गर्भ. तपासणी त्यातले नव्व्याण्णव पकडेल असं मान. उरल्या नव्व्याण्णव हजार नऊशे. त्यांच्यात हजारात एक जरी चुकून जास्त धोक्याची म्हणून निघाली, तरी शंभर बायका झाल्या. म्हणजे लाल खूण आलेल्या दोनशेपैकी जवळजवळ निम्म्यांच्या पोटातलं बाळ नीट असेल. चाळिशीतल्या बाईचं गणित वेगळं, कारण मुळात शक्यताच जास्त. म्हणून लाल खूण आली की आधी गर्भजलाची खात्रीची तपासणी. नुसत्या रक्ताच्या कागदावर गर्भपाताचा विचार करायचा नाही. तुझ्या शेजारच्या इमारतीतल्या कुणाला असा रिपोर्ट आला आणि ते थेट कुठे निघाले, तर त्यांना थांबव आणि हे गणित सांग. एवढं तरी शिक्षण तुझ्याकडून पुढे जाऊ दे.

आणि वीस आठवड्यांची सोनोग्राफी रद्द करायची म्हणतोयस, "रक्तात सगळं आलंच आहे" म्हणून? खबरदार. हृदयाला छिद्र आहे का, मणका उघडा आहे का, ओठ-टाळू जुळले आहेत का, मूत्रपिंड जागेवर आहेत का, यातलं काहीही त्या रक्तात दिसत नाही. ते अठरा ते वीस आठवड्यांच्या स्कॅनमध्ये दिसतं, तेही बघणाऱ्याने शांतपणे बघितलं तर. तिथे हृदयात शंका आली तर गर्भाचा इको करतात. आणि असं काही निघालं तर आभाळ कोसळत नाही. तुमच्या खारघरमध्येच श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे, तिथे शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो आणि त्यातले बरेच आता दुरुस्त होतात. आधी कळलं तर बाळंतपण कुठे करायचं, पहिल्या तासात कोण हजर हवं, हे ठरवता येतं. तपासणीचा हाही उपयोग आहे. मूल नको म्हणायलाच ती असते, असा समज तू कुठून घेतलास?

त्याहून वाईट गोष्ट तू मघाशी दाराशी, आवाज खाली करून विचारलीस. "यात मुलगा-मुलगी कळतं ना? रिपोर्टमध्ये लिहीत नाहीत, पण कुणी ओळखीचं..." मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तुझी बायको पायऱ्या चढत होती. आता देते.

हो, त्या रक्तात ते कळू शकतं. म्हणूनच कायदा आहे. गर्भजल तपासणी १९७०च्या दशकात आपल्या देशात आली ती आनुवंशिक आजार शोधायला. काही वर्षांत तिचा धंदा मुली शोधायला झाला. मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वकील रस्त्यावर उतरले, लढले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा त्यानंतर, १९९४ चा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. एवढं करूनही सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस अर्भकांचे अवशेष पुरलेले सापडले. तू तेव्हा पेपर वाचण्याच्या वयाचा होतास. लिंग विचारणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आणि त्या कायद्याचं चोविसावं कलम असं आहे की, उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने गृहीत धरायचं, त्या बाईला तिच्या नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं. कायदा करणाऱ्यांना तुझ्यासारखी घरं माहीत होती. तो प्रश्न पुन्हा कुणाला, कुठेही विचारलास तर माझ्या दारात यायचं नाही. आईने विचारलं तर तिला थांबवणं ही तुझी जबाबदारी आहे, बायकोची नाही.

मी तिच्याशीही बोलले. चंद्रग्रहण होतं त्या रात्री तुम्ही तिला सुरीला हात लावू दिला नाही, उपाशी बसवलं. पण फॉलिक ॲसिडची गोळी तिला मिळाली आठव्या आठवड्यात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते, बहुतेक बायकांना पाळी चुकल्याचं नुकतंच कळत असतं तेव्हा. म्हणून ती गोळी मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून घ्यायची असते. पैसे म्हणशील तर काहीच नाहीत तिला. ग्रहणाने ओठ फाटत नाही. जी गोष्ट खरंच वाचवते ती उशिरा आणि जी कशालाच लागत नाही ती वेळेवर, असं चाललंय तुमच्या घरात.

लोहाचं म्हणशील तर, देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आहेत, हा २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. म्हणून सरकार प्रत्येक गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडच्या एकशे ऐंशी गोळ्या देतं, आणि त्या नियमित घ्यायच्याच. पण तिच्या पेशी बारीक आहेत त्या थॅलेसेमियामुळे. केमिस्टच्या सल्ल्याने त्यावर जास्तीचं लोह चढवत राहिल्याने त्या मोठ्या होणार नाहीत. फेरिटिन तपासा, साठा कमी आहे का बघा, आणि डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. केमिस्टकडून आणलेल्या त्या जास्तीच्या गोळ्या आज बंद. बीट-डाळिंब खाऊ दे तिला, आवडत असेल तर. जवळा, बोंबील, मटकी, नाचणी, तुमच्या घरात जे शिजतं तेच पुरेसं आहे, फक्त तिच्या ताटात शेवटी नको, आधी पडू दे. साखरेची तपासणी अजून झालेली नाही. रक्तदाब गेल्या वेळी कुणी लिहून ठेवलेला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय तुमच्यापासून काही परदेशात नाही. वीस हजारांचं पॅकेज घेतलं म्हणून रक्तदाब मोजायचा राहतो, हे मला कोणत्याही तर्काने पटवून दे.

मान खाली घालू नकोस. लाज वाटली तर वाटू दे, पण उद्याचं काम लिहून घे.

सकाळी आठला लॅब उघडते. उपाशीपोटी जायची गरज नाही. सीबीसी आणि एचपीएलसी, दोन्ही सांगायच्या. हजाराच्या आतबाहेर खर्च आहे. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील, रोज फोन करून विचारायचं. तुझं ए-टू साडेतीनच्या आत, एमसीव्ही नीट, आणि सिकलसेल नाही, असं निघालं तर तो कागद घेऊन बायकोच्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्या तोंडून ऐक, आणि मग पेढे आण. कागदावर शंका निघाली तर एकही दिवस घरात चर्चा करत बसायचं नाही. दोघांनी मिळून जायचं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं. खारघरहून हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने परळ. तिचे सगळे कागद, तुझे सगळे कागद, सोनोग्राफीच्या तारखांसकट, एका फाईलमध्ये, क्रमाने. तिथे समुपदेशक जे सांगतील ते तिने ऐकायचं आणि प्रश्न तिने विचारायचे. तू मध्ये बोलायचं नाहीस. ती गप्प राहिली तर तिला वेळ द्यायचा.

आणखी एक. तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर ठरतंय ना? तू वाहक निघालास, तर तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. तुझ्या बायकोच्या भावाचंही तसंच, त्याची सख्खी बहीण वाहक असल्याचं आत्ताच माहीत आहे. दोघांच्याही तपासण्या आताच करून घ्यायच्या, हळदीच्या आधी. मुलाकडच्यांना सांगायला लाज वाटते म्हणालास, तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी सांगते. त्या मुलाचाही दंड मला पुढे केलेला हवा आहे.